असिसीचा अकिंचन

इटलीच्या उंब्रिया प्रांतात असिसी नावाचे डोंगरउतारावरचे गाव आहे. त्या गावाच्या पायथ्याशी एका लहानशा प्रार्थनामंदिराजवळ १२२६ च्या ३ ऑक्टोबरला, दिवस मावळल्यावर, चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांचा एक जवळजवळ अंध झालेला मनुष्य मरण पावला. २०२६ साली त्या घटनेला आठशे वर्षे पुरी होतात. या आठ शतकांत फ्रान्सिसच्या वाट्याला जी लोकप्रियता आली, ती ख्रिस्ती संतमंडळात फार थोड्यांच्या वाट्याला आली आहे. बागेतील कारंज्यापाशी, हातावर पाखरू घेतलेली त्याची मूर्ती उभी केलेली असते. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला पर्यावरणाच्या उपासकांचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केले आणि २०१३ मध्ये अर्जेंटिनाहून आलेल्या पोपमहाशयांनी त्याचेच नाव धारण केले. परंतु पाखरांशी बोलणारा हा गोड संत डोळ्यांपुढे ठेवला, की त्याच्या आयुष्यातील खरा झगडा दृष्टीआड होतो. तो झगडा होता मालकीशी. मनुष्याने एखाद्या गोष्टीला ‘माझी’ म्हणावे की न म्हणावे, या एकाच प्रश्नाने त्याचे आयुष्य व्यापलेले होते. धनाच्या बाबतीत त्याला या प्रश्नाचे उत्तर पंचविशीतच सापडले. स्वतःच्या कार्याच्या बाबतीत मात्र ते सापडण्यास त्याला जवळजवळ मरणाच्या दारापर्यंत जावे लागले.

फ्रान्सिसचा जन्म ११८१ किंवा ११८२ सालचा. बाप्तिस्म्याचे नाव जोव्हान्नी. परंतु फ्रान्सशी व्यापार करणाऱ्या पित्याने ते बदलून फ्रान्सिस्को केले. पिता पिएत्रो दी बर्नार्दोने हा कापडाचा मोठा व्यापारी होता. सरंजामदारांचे दिवस सरू लागले होते, शहरे डोके वर काढू लागली होती आणि जमिनीपेक्षा नाण्याला मोल येऊ लागले होते. पिएत्रो हा त्या नव्या काळाचा माणूस. मुलगा उधळ्या होता, मित्रांना मेजवान्या देई, रात्री गात गावातून हिंडे. पण बापाला त्याचे फारसे वाईट वाटत नसे. दुकानाचा वारस थोरामोठ्यांच्या मुलांत मिसळतो, याचा त्याला अभिमानच असावा.

१२०२ मध्ये असिसी आणि शेजारचे पेरुजिया यांच्यात लढाई झाली. त्यात असिसीचा पराभव झाला आणि फ्रान्सिसला सुमारे वर्षभर पेरुजियाच्या तुरुंगात काढावे लागले. सुटून आला तो आजारी होऊन. तरीही सरदारकीची हौस फिटली नव्हती. १२०५ च्या सुमारास नवे चिलखत, नवा घोडा घेऊन तो दक्षिणेकडील युद्धासाठी निघाला आणि स्पोलेतोपर्यंत जाऊन परतला. तेथे त्याला स्वप्न पडले, असे चरित्रकार सांगतात. गावात हसे झाले असणार. परंतु या सुमारास घडलेली दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि ती त्याने स्वतःच अखेरच्या निवेदनात नमूद करून ठेवली आहे. लहानपणापासून त्याला महारोग्यांची विलक्षण किळस होती. त्यांची वस्ती दुरून दिसली तरी तो नाक दाबून घेई. एके दिवशी वाटेत एक महारोगी समोर आला, तेव्हा फ्रान्सिस घोड्यावरून खाली उतरला, त्याच्या हातावर नाणे ठेवले आणि त्या हाताचे चुंबन घेतले. पुढे तो त्यांच्या वस्तीत जाऊन त्यांची सेवा करू लागला. आपल्या जीवनाला वळण लागले ते येथे, असे तो शेवटपर्यंत मानीत होता. म्हणजे सर्वांत आधी त्याच्या हातून सुटली ती स्वतःची किळस. पैसा त्यानंतर सुटला. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

गावाबाहेर सान दामियानो नावाचे एक मोडकळीस आलेले चर्च होते. त्याची डागडुजी करावी, हा ईश्वरी आदेश मानून फ्रान्सिसने बापाच्या दुकानातील उंची कापडाचे गठ्ठे घोड्यावर लादले, फोलिन्योच्या बाजारात कापडही विकले आणि घोडाही विकला. आलेली रक्कम त्या चर्चच्या गरीब धर्मगुरूला देऊ केली. धर्मगुरू शहाणा होता. बर्नार्दोनेच्या संतापाचा अंदाज असल्याने त्याने पैशाला हात लावला नाही. तेव्हा फ्रान्सिसने थैली खिडकीच्या कोनाड्यात टाकून दिली. पित्याने मुलाला पकडून आणले, घरात कोंडले. पिता परगावी गेला असता आईने, पिकाने, त्याला सोडून दिले. अखेर १२०६ मध्ये प्रकरण बिशप ग्विदोपुढे गेले. अन्यायाने मिळालेले द्रव्य देवकार्याला चालत नाही, तेव्हा ते परत कर, असा बिशपचा निवाडा होता आणि तो न्याय्यच होता. फ्रान्सिसने रक्कम परत केली आणि तेवढ्यावर न थांबता अंगावरचे कपडे उतरवून तेही बापापुढे ठेवले. यापुढे स्वर्गातील पित्यावाचून आपल्याला पिता नाही, असे त्याने भर सभेत सांगितले. बिशपने आपला अंगरखा त्याच्याभोवती लपेटला.

हा प्रसंग चित्रकारांनी शतकानुशतके रंगविला आहे आणि चित्रांत पिएत्रो नेहमीच रागाने वेडावाकडा झालेला दिसतो. त्याची बाजू मांडायला कोणी उरले नाही. वस्तुतः कापड त्याचे होते, घोडाही त्याच्याच घरचा होता. आणि दान करण्यासाठी मुलाने प्रथम चोरी केली होती. कपडे आणि पैसे हाती घेऊन तो घरी परतला. आपल्याकडे तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, ती आपल्या वाट्याची. धाकट्या भावाचा वाटा त्यांनी वेगळा काढून दिला, असे परंपरा सांगते. असिसीच्या तरुण व्याप्यापाशी त्या वेळी एवढी समज नव्हती. त्याच्या वैराग्याची सुरुवात दुसऱ्याच्या मालावर झाली, ही गोष्ट भक्तिभावाने झाकून ठेवण्याचे कारण नाही. पुढील वीस वर्षांत त्याने जे सोडले ते केवळ स्वतःचे होते आणि ते सोडणे कितीतरी अधिक जड होते.

दोन वर्षे तो पडकी चर्चे दुरुस्त करीत, भिक्षा मागत हिंडला. १२०८ मध्ये पोर्तियुन्कुला या छोट्या प्रार्थनामंदिरात शुभवर्तमानातील एक उतारा त्याच्या कानी पडला. येशू शिष्यांना प्रचारास धाडताना सोने, रुपे, झोळी, दुसरा अंगरखा यांपैकी काहीही बरोबर घेऊ नका असे बजावतो, तो तो भाग. ते शब्द शेकडो वर्षे वाचले जात होते आणि त्यांचे अलंकारिक अर्थही तयार होते. फ्रान्सिसने ते एखाद्या निरोपासारखे घेतले. काठी टाकली, पायताण टाकले, कमरेच्या चामडी पट्ट्याच्या जागी दोरी बांधली. थोड्याच दिवसांत बर्नार्द हा गावातील श्रीमंत गृहस्थ आपली सारी संपत्ती गरिबांत वाटून त्याला येऊन मिळाला. त्यापाठोपाठ पिएत्रो कातानी, ईजिद्यो असे एकेक जमले. ते बारा झाले तेव्हा १२०९ मध्ये रोमला जाऊन त्यांनी पोप इनोसंट तिसरा याची तोंडी संमती मिळविली. त्या काळचा सर्वांत सामर्थ्यशाली पोप आणि हे धुळीने माखलेले बारा अनवाणी लोक यांच्या भेटीविषयी पुष्कळ आख्यायिका आहेत. आख्यायिका वगळल्या तरी पोपने त्यांना हाकलून दिले नाही, एवढे निश्चित आहे.

या मंडळींचा अपरिग्रह निव्वळ भावनेचा नव्हता, त्यामागे विचार होता. काहीच जवळ न ठेवता जगणे फार कठीण आहे, असे बिशप ग्विदोने एकदा सुचविले, तेव्हा फ्रान्सिसने त्याला सांगितले, की मालमत्ता ठेवली तर तिच्या रक्षणासाठी हत्यारेही ठेवावी लागतील. तंटे आणि खटले तिच्यातूनच उपजतात आणि मग देवावरील व शेजाऱ्यावरील प्रेमाला जागा उरत नाही. लढाई पाहिलेल्या, तुरुंग भोगलेल्या आणि स्वतःच्या बापाशी धर्मपीठापुढे उभ्या राहिलेल्या माणसाचे हे मत होते. पोर्तियुन्कुलाचे मंदिर बेनेडिक्टाइन मठाचे होते. ते त्यांनी फ्रान्सिसला देऊन टाकले, तरी तो दरवर्षी माशांची एक टोपली खंड म्हणून त्या मठाकडे पाठवी. उद्देश हा, की जागा आपली नाही याचा विसर कोणालाही पडू नये.

नाण्याविषयी तो कठोर होता, किंबहुना क्रूर. एका बंधूने सहज म्हणून पैशाला हात लावला, तेव्हा ते नाणे तोंडात धरून बाहेर गाढवाच्या लिदीवर ठेवण्याची शिक्षा त्याने दिली, अशी कथा आहे. आजच्या वाचकाला ती रुचणार नाही आणि रुचू नये. याहून बोलके आहेत ते अगदी किरकोळ प्रसंग. एका डोंगरावरील आश्रमात तो एका लहान कोठडीत राहत असे. एके दिवशी तू कोठून आलास, असे त्याने एका बंधूला विचारले. तुमच्या कोठडीतून, असे उत्तर आले. त्या ‘तुमच्या’ शब्दासरशी फ्रान्सिसने ती कोठडी कायमची सोडली. दुसऱ्या एका प्रसंगी उपवासकाळात रिकाम्या वेळी त्याने हाताने एक लहान भांडे घडविले होते. प्रार्थनेच्या वेळी मन त्या भांड्याकडे वळले, तसे त्याने ते चुलीत घातले. सोन्याच्या मोहापासून दूर राहणे पुष्कळांना साधते. आपल्या हातून घडलेल्या एका साध्या भांड्याचा मोह ओळखणे ही वेगळी दृष्टी आहे. आणि याच माणसाच्या हातून पुढे एक प्रचंड भांडे घडायचे होते.

ते भांडे म्हणजे त्याचा भ्रातृसंघ. बाराचे शेकडो झाले, शेकड्यांचे हजार झाले. १२१२ मध्ये असिसीच्या एका सरदार घराण्यातील क्लारा ही तरुणी घर सोडून आली आणि सान दामियानो येथे भगिनींचा संघ उभा राहिला. पोर्तियुन्कुला येथील एका मेळाव्यास चटयांचे आडोसे करून पाच हजार बंधू राहिले होते, असे जुने चरित्रकार लिहितात. आकडा फुगलेला असला तरी पसारा मोठा होता यात संशय नाही. १२१९ मध्ये पाचव्या धर्मयुद्धाच्या ऐन धुमाळीत फ्रान्सिस इजिप्तमध्ये दमिएत्ता येथे गेला आणि निःशस्त्र स्थितीत शत्रूची छावणी गाठून सुलतान अल्-कामिल याला भेटला. सुलतानाने त्याचे म्हणणे ऐकून घेतले आणि त्याला सुखरूप परत पाठविले. त्या भेटीतून कोणाचेच धर्मांतर झाले नाही, युद्धही थांबले नाही. परंतु दोन्ही बाजूंनी धर्माच्या नावाने तलवारी उपसलेल्या असताना तो तेथे रिकाम्या हातांनी गेला, याचे नवल अजून ओसरलेले नाही.

पूर्वेकडे असतानाच त्याला घरचे वर्तमान कळले. मागे ठेवलेल्या प्रतिनिधींनी नवे नियम केले होते, उपवासांची संख्या वाढविली होती, संघाला इतर मठांच्या साच्यात बसविण्याचा घाट घातला होता. १२२० मध्ये तो घाईने परतला. परतीच्या वाटेवर बोलोन्या लागते. तेथे बंधूंचे एक नवे घर झाले असून लोक त्याला ‘बंधूंचे घर’ म्हणतात, असे त्याला कळले. त्याने सर्वांना तत्काळ घर सोडण्याची आज्ञा केली. आत आजारी बंधू होते, तेही बाहेर पडले. त्यांच्यापैकीच एकाची साक्ष चरित्रात नोंदलेली आहे. शेवटी कार्डिनल उगोलिनोने हे घर माझे आहे, बंधू केवळ येथे राहतात, असे जाहीर केले, तेव्हा कोठे त्यांना परत जाता आले.

येथे थोडे थांबले पाहिजे. आजाऱ्यांना रस्त्यावर काढणारा हा फ्रान्सिस महारोग्याच्या हाताचे चुंबन घेणाऱ्या फ्रान्सिसशी कसा जुळतो? जुळत नाही, हेच प्रामाणिक उत्तर आहे. घर सोडा म्हणणारा तो वैरागी खरा. पण या घरावरून त्याला झालेल्या संतापात संघ माझा आहे, माझ्याच कल्पनेप्रमाणे तो चालला पाहिजे, हाही भाव होता. ज्याने एका शब्दासाठी कोठडी सोडली, त्याच्या मनात हा शब्द अजून घर करून होता. आणि हे त्याला कळले, हे त्याचे मोठेपण. त्याच वर्षी झालेल्या मेळाव्यात त्याने संघाचे प्रमुखपद सोडले, पिएत्रो कातानीला पुढे केले आणि त्याच्यासमोर वाकून त्याच्या आज्ञेत राहण्याचे वचन दिले. काही महिन्यांतच कातानी वारला आणि इलायस हा कर्तबगार, महत्त्वाकांक्षी बंधू प्रमुख झाला.

पद सोडले, पण काळजी सुटेना. या काळातली एक गोष्ट त्याच्या निकटवर्ती बंधूंनी सांगितली आहे. एका उमेदवार बंधूला जवळ स्तोत्रांचे पुस्तक ठेवायचे होते. प्रमुखांनी परवानगी दिली होती. तरी त्याला फ्रान्सिसचा होकार हवा होता. पुस्तक त्या काळी हाताने लिहिलेले, मोलाचे असे. फ्रान्सिसने त्याला समजावले, की स्तोत्रे मिळाली की मोठी प्रार्थनापोथी हवीशी वाटेल. ती मिळाली की आसनावर बसून, पोथी आण रे, असे दुसऱ्या बंधूला फर्मावशील. बोलता बोलता त्याने चुलीतील राख घेऊन स्वतःच्याच डोक्यावर चोळली. काही महिन्यांनी त्या उमेदवाराने पुन्हा तोच विषय काढला. वादाला कंटाळून म्हणा किंवा आता आपण प्रमुख नाही हे आठवून म्हणा, तुझे प्रमुख सांगतील तसे कर, असे फ्रान्सिसने उत्तर दिले. तो तरुण निघून गेला. थोडा वेळ गेला आणि फ्रान्सिस त्याच्यामागे धावत सुटला. जेथे ते शब्द बोलला होता त्याच ठिकाणी त्याला परत नेले, त्याच्यापुढे गुडघे टेकले, आपली चूक झाली म्हणून क्षमा मागितली आणि खऱ्या बंधूला झगा, दोरी आणि वस्त्र यांवाचून काही बाळगता येत नाही, असे पुन्हा सांगितले.

ही हकीकत वाचणाऱ्याला दोन्हीकडे ओढ वाटते. हजारो तरुण धर्मोपदेशक व्हायचे तर त्यांना शिक्षण हवे, शिक्षणाला पुस्तके हवीत, पुस्तकांना कपाट हवे आणि कपाटाला छप्पर. प्रांतप्रमुखांचे हे म्हणणे स्वार्थाचे नव्हते. उलट फ्रान्सिस जे बोलत होता तेही अक्षरशः खरे ठरले. शंभर वर्षांच्या आत त्याचे बंधू पॅरिस व ऑक्सफर्ड येथे अध्यापनाच्या पीठावर बसले, कित्येक बिशप झाले आणि १२८८ मध्ये त्यांच्यातील एक, निकोलस चौथा, पोपही झाला. त्यागावर उभी राहिलेली संस्था तिच्या यशानेच पोखरली जाते. हा पेच त्याच्यापुढे होता आणि त्याला तो सुटला नाही. संस्थापकाने हाती सत्ता ठेवून नियम लादावेत, तर त्याग हीच एक सत्ता होते. सत्ता सोडावी, तर नियम सैल होतात. फ्रान्सिसने सत्ता सोडली. इतिहासकारांपैकी काहींनी याला दुबळेपणा म्हटले आहे. तसे मानण्यास आधार नाही. ज्याने इतक्या निकराने ‘माझे’पणाशी झुंज घेतली, त्याला संघ हातात ठेवून स्वतःशी प्रामाणिक राहता आले नसते.

१२२३ च्या २९ नोव्हेंबरला पोप होनोरियस तिसरा याने संघाच्या नियमावलीला लेखी मान्यता दिली. जो उतारा ऐकून या जीवनाचा आरंभ झाला होता, प्रवासाला काहीही बरोबर घेऊ नका हा, तोच प्रमुखांच्या आग्रहामुळे या अंतिम मसुद्यातून गळला, अशी तक्रार त्याच्या सोबत्यांनी नोंदवून ठेवली आहे. या सुमारास तो अंतर्यामी फार खचला होता, मित्रांनाही टाळीत होता. प्रार्थनेत त्याला असे उत्तर मिळाले, की हा संघ तुझा नव्हे, तो ज्याचा आहे तो त्याची काळजी वाहील. मग तू का कष्टी होतोस? मासळीच्या टोपलीचा खंड भरणाऱ्याला जे ठाऊक होते, तेच आता त्याला संघाविषयी ऐकावे लागले.

१२२४ मध्ये ला व्हेर्ना पर्वतावर त्याच्या हातापायांवर व कुशीत ख्रिस्ताच्या जखमांच्या खुणा उमटल्या. श्रद्धाळू आणि वैद्य यांत त्याविषयी वाद होत आले आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने नोंदण्यासारखे एवढेच, की त्या खुणा तो आयुष्यभर कपड्याआड लपवीत राहिला. पूर्वेकडून आणलेला नेत्ररोग बळावला होता. रिएती परिसरातील एका आश्रमात वैद्याने तापलेल्या लोखंडाने त्याच्या कानापासून भुवईपर्यंतचा भाग डागला. सोबतचे बंधू ते पाहवेना म्हणून पळून गेले. फ्रान्सिस अग्नीला बंधू म्हणून संबोधून, आपल्याशी सौम्यपणे वाग, अशी त्याची विनवणी करीत होता. शरीराला तो गमतीने गाढवबंधू म्हणे. अखेरच्या दिवसांत त्याने या गाढवाची क्षमा मागितली, आपण त्याला फार राबविले म्हणून. डोळ्यांना उजेड सोसत नसे, झोपडीत उंदरांचा सुळसुळाट होता, अशा अवस्थेत १२२५ मध्ये त्याने सूर्य, चंद्र, वारा, पाणी यांना भाऊबहिणी म्हणणारे आपले स्तोत्र लोकांच्या बोलीत रचले. इटालियन काव्याचा इतिहास त्या स्तोत्रापासून सुरू होतो.

मरणापूर्वी त्याने सांगितलेल्या निवेदनात जुना हट्ट पुन्हा डोकावतो. नियमावलीवर भाष्य करू नका, चर्च असो की घर, पाहुण्यासारखे राहा, पोपकडून सवलतींची पत्रे मिळवू नका, असे त्यात निक्षून सांगितले आहे. म्हणजे पूर्णपणे सोडणे त्याला साधलेच नाही. परंतु त्याच दिवसांतली एक गोष्ट या करड्या चित्रात रंग भरते. रोममधील याकोपा नावाची एक श्रीमंत विधवा त्याची जुनी स्नेही होती. ती बदाम घालून एक मिठाई करीत असे. तिची त्याला आठवण झाली आणि ती घेऊन येण्याविषयी त्याने तिला पत्र लिहविले. पत्र रवाना होण्याआधीच ती स्वतः मिठाई, प्रेतवस्त्र आणि मेणबत्त्या घेऊन दारात येऊन उभी राहिली. मठात स्त्रियांना मज्जाव होता. हा नियम बंधू याकोपाला लागू नाही, असे म्हणून फ्रान्सिसने तिला आत घ्यायला सांगितले. मिठाई त्याने जेमतेम चाखली. आयुष्यभर राखेत मिसळून अन्न खाणाऱ्या माणसाला शेवटी मिठाईची इच्छा व्हावी आणि ती त्याने न संकोचता बोलून दाखवावी, यात त्याच्या वैराग्याला कमीपणा येत नाही. इच्छेची त्याला आता भीती उरली नव्हती.

अंत जवळ आला, तेव्हा त्याने आपल्याला विवस्त्र करून उघड्या जमिनीवर ठेवायला सांगितले. वीस वर्षांपूर्वी बिशपपुढे केले तेच पुन्हा. पण त्या वेळी समोर एक संतप्त बाप होता, आता कोणीच प्रतिपक्षी नव्हता. तेथील मठप्रमुखाला त्याचे मन कळले. त्याने एक झगा आणून फ्रान्सिसला सांगितले, की हा तुला उसना दिला आहे, तुझा नाही. तेव्हा तो कोणाला देऊन टाकण्याचाही तुला अधिकार नाही, आणि तो तू आज्ञेखातर घातला पाहिजेस. आजवर मिळेल ते वस्त्र वाटेतल्या भिकाऱ्याला देऊन टाकण्यात त्याने जो आनंद मानला होता, तोही या आज्ञेने काढून घेतला. चरित्रकार सांगतात, की हे ऐकून त्याला अतिशय आनंद झाला.

पुढचा इतिहास झपाट्याचा आहे. कार्डिनल उगोलिनो आता पोप ग्रेगरी नववा झाला होता. त्याने १२२८ च्या १६ जुलैला फ्रान्सिसला संत म्हणून घोषित केले आणि दुसऱ्याच दिवशी असिसीत एका भव्य बॅसिलिकेची कोनशिला बसविली. इलायसने बांधकामाच्या देणग्यांसाठी संगमरवरी पात्र ठेवले, ते फ्रान्सिसचा लाडका बंधू लिओ याने फोडले आणि त्याबद्दल त्याला फटके बसले, अशी हकीकत आहे. १२३० मध्ये त्याच पोपने फ्रान्सिसचे अखेरचे निवेदन बंधूंवर बंधनकारक नाही, असा निर्णय दिला. पुढे १२४५ मध्ये संघाच्या वापरातील मालमत्ता पोपच्या मालकीची ठरविण्यात आली. बंधूंनी ती केवळ वापरायची. बोलोन्यातील त्या घराची युक्ती आता कायदा बनली. देवाच्या नावे सातबारा आणि महंतांच्या हाती वहिवाट, ही व्यवस्था पाहिलेल्या मराठी वाचकाला तीत अनोळखी वाटण्याजोगे काही नाही. या तडजोडीपासून अलिप्त राहिली ती क्लारा. पोपने देऊ केलेली मालमत्ता तिने नाकारली आणि निष्कांचन राहण्याचा हक्क असलेली आपली नियमावली १२५३ मध्ये, मृत्यूच्या दोनच दिवस आधी, मंजूर करून घेतली. फ्रान्सिसला जे कागदावर राखता आले नाही, ते या बाईने सत्तावीस वर्षे झुंजून राखले.

संघातील कडव्या बंधूंचे मात्र हाल झाले. १३१८ मध्ये त्यांच्यापैकी चौघांना मार्सेय येथे जिवंत जाळण्यात आले. १३२३ मध्ये पोप जॉन बाविसावा याने येशू आणि त्याचे शिष्य यांच्या मालकीचे काहीच नव्हते, असे आग्रहाने म्हणणे हे पाखंड होय, असे जाहीर केले. या तंट्याची एक शाखा थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचलेली आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. तोलेन्तिनोचा थॉमस हा या कडव्या पक्षातला बंधू. निष्कांचनतेच्या आग्रहापायी त्याने इटलीत स्वतःच्याच संघाचा तुरुंगवास भोगला होता. सुटकेनंतर त्याला आर्मेनियाला धाडण्यात आले आणि म्हातारपणी तो चीनकडे निघाला. कोल्लमला जाणारे त्याचे जहाज ठाण्यास लागले. तेथील एका पूर्वदेशीय ख्रिस्ती कुटुंबात तो व त्याचे तीन सोबती उतरले होते. काझीपुढे झालेल्या धार्मिक वादातून एप्रिल १३२१ मध्ये त्या चौघांना ठाण्यात ठार मारण्यात आले. सुलतानाच्या छावणीतून फ्रान्सिस जिवंत परतला होता. थॉमसच्या नशिबी ते नव्हते. जॉर्दानस या डॉमिनिकन धर्मगुरूने त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले आणि नंतर ओदोरिक नावाचा फ्रान्सिस्कन प्रवासी त्यांच्या अस्थी घेऊन चीनला गेला. पोपचे ते फर्मान निघाले, तेव्हा त्याला पाखंडी म्हणायला थॉमस जिवंत नव्हता. १८९४ मध्ये चर्चने त्याला धन्यवादित म्हणून मान्यता दिली.

पोर्तियुन्कुलाचे ते इवलेसे मंदिर आजही उभे आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत त्याच्याभोवती बांधलेल्या विशाल बॅसिलिकेच्या घुमटाखाली ते एखाद्या खेळण्यासारखे दिसते. ज्या जमिनीवर फ्रान्सिसने प्राण सोडला ती जागाही त्याच छताखाली आली आहे. आणि वर गावातील दुसऱ्या बॅसिलिकेत एक राखी, जाडाभरडा, ठिगळांवर ठिगळे लावलेला झगा काचेआड जपून ठेवलेला आहे. तो फ्रान्सिसचा म्हणून यात्रेकरूंना दाखवितात.